दोघांपुरता ट्रेलर निवडताना: सुरुवात आपल्या गाडीपासून

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी जोडप्यांच्या मनात, मुले कॉलेजला गेली किंवा निवृत्ती जवळ आली की, स्वतःचा छोटा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन राष्ट्रीय उद्याने हिंडावीत असा विचार घोळू लागतो. तंबूत जमिनीवर झोपणे आता पाठीला झेपत नाही, तीस फुटांचे मोटारहोम चालवण्याचा धीर होत नाही, आणि उन्हाळ्यात उद्यानांच्या आसपास हॉटेलची खोली मिळणे अवघड असते. १३ ते २० फुटांचा, घरच्या गाडीमागे जोडता येणारा ट्रेलर हा त्यावरचा उत्तम मार्ग आहे आणि एकट्याने प्रवास करणाऱ्यांनाही तो तितकाच सोयीचा पडतो. मात्र नवखा ग्राहक तुलनेला बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. प्रदर्शनात पडदे, गाद्या आणि ओटा पाहून ट्रेलर पसंत केला जातो आणि तो ओढायला आपली गाडी पुरेल का, हा प्रश्न सर्वांत शेवटी, तोही विक्रेत्यालाच विचारला जातो. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी गाडी, मग वजन, मग बांधणी, आणि त्यानंतर झोपण्याची, आंघोळीची व स्वयंपाकाची सोय.

पहिली पायरी: गाडीची क्षमता

गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, आणि एकाच नावाच्या गाडीतही इंजिनाप्रमाणे हा आकडा बदलतो. आपल्या लोकांच्या अंगणात हमखास दिसणाऱ्या गाड्या पाहू. टोयोटा सिएना ३,५०० पाउंड ओढते. होंडा सीआर-व्ही पेट्रोलवरची असेल तर १,५०० पाउंड आणि हायब्रिड असेल तर १,००० पाउंड, एवढीच तिची मर्यादा आहे. आरएव्ही-४ हायब्रिड २०२५ सालापर्यंतची असेल तर १,७५० पाउंडांवर थांबते. सुबारू आउटबॅकच्या साध्या इंजिनाला २,७०० पाउंड आणि टर्बो इंजिनाला ३,५०० पाउंड चालतात. होंडा पायलटची चारही चाकांना शक्ती देणारी आवृत्ती ५,००० पाउंडांपर्यंत जाते. हे आकडे वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून आपल्याच वर्षाच्या पुस्तिकेतील पान उघडून पाहावे आणि कोणाच्याही तोंडी हमीवर विसंबू नये.

या आकड्याइतकाच महत्त्वाचा, पण क्वचितच पाहिला जाणारा दुसरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. माणसे आणि सामान मिळून गाडीत एकंदर किती वजन घालता येईल, ते तिथे लिहिलेले असते. ट्रेलरचा जो भार हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर, उभा दाबतो, तोही याच आकड्यातून वजा होतो. समजा पट्टीवर १,१०० पाउंड लिहिले आहेत. दोघांचे मिळून ३२० पाउंड, मागच्या डिकीतील सामान १५०, हिचचे लोखंड ५० आणि ट्रेलरचा उभा भार ३५० धरला, तर बेरीज ८७० होते आणि सारे ठीक असते. पण भारतातून आलेले आईवडील मागच्या आसनावर बसले की त्यात आणखी २८० पाउंड मिळतात आणि मर्यादा ओलांडली जाते. गाडी बाहेरून तशीच दिसते, चालतेही, परंतु तिचे ब्रेक, टायर आणि मागची स्प्रिंग यांवर त्यांच्या ताकदीबाहेरचा ताण येतो.

पुस्तिकेतील कमाल आकड्यापर्यंत जाण्याऐवजी त्याच्या ८० टक्क्यांवर थांबावे, असे माझे ठाम मत आहे. त्याला कारण आहे. टर्बो नसलेले इंजिन दर १,००० फूट उंचीमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते, आणि कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेलेली असते, आणि चढण मात्र तशीच असते. शिवाय सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांच्या वेगात वजनापेक्षा वाराच गाडीला अधिक अडवतो. त्यामुळे समान वजनाच्या दोन ट्रेलरांत बसक्या, गोलसर तोंडाचा ट्रेलर उंच, सपाट तोंडाच्या ट्रेलरपेक्षा निश्चितच हलका जातो. तरीही इंधनाचा खर्च वाढणारच. एका गॅलनमागे मिळणारे मैल एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतील असे धरून सहलीचा हिशेब करावा.

कॅलिफोर्नियात किंवा सिॲटलकडे राहणाऱ्यांकडे आता विजेवरची गाडी असण्याचा संभव मोठा आहे. टेस्ला मॉडेल वाय ओढण्याच्या साधनसंचासह ३,५०० पाउंड ओढते, पण एका चार्जमधील पल्ला बहुधा निम्म्यावर येतो आणि अनेक चार्जिंग स्थानकांवर ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय गाडी लावता येत नाही. लांबच्या, विरळ वस्तीच्या उद्यानांकडे जायचे असेल, तर मार्गावरचे प्रत्येक स्थानक आधी नकाशावर पाहून ठेवावे.

दुसरी पायरी: जाहिरातीतील वजन आणि भरलेले वजन

ट्रेलरची दोन वजने असतात. कारखान्यातून रिकामा निघताना असलेले वजन जाहिरातीत ठळक छापलेले असते. दुसरे म्हणजे सामान, पाणी, गॅस यांसह ट्रेलरने ओलांडू नये असे कमाल वजन, ज्याला सर्वजण जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. ते ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर असते. तुलना करताना या दोहोंतील फरक काढावा, कारण आपल्याला प्रत्यक्षात तेवढेच सामान भरता येते.

एअरस्ट्रीम कंपनीच्या बांबी १६ या सुंदर ट्रेलरचे उदाहरण घेऊ. गॅस आणि बॅटरी धरून त्याचे वजन सुमारे ३,००० पाउंड आणि कमाल वजन ३,५०० पाउंड. म्हणजे सामानासाठी उरतात साधारण ५०० पाउंड. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंडांचा, त्यामुळे २० गॅलन पाणी भरले की १६७ पाउंड तिथेच गेले. उरलेल्या सव्वातीनशे पाउंडांत भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, किराणा, बाहेरच्या खुर्च्या, सांडपाण्याचे नळे, विजेची जाड वायर आणि चाकांखाली ठेवायचे ठोकळे बसवावे लागतात. दोघांच्या आठवड्याच्या प्रवासाला एवढे पुरते, पण हात राखून भरावे लागते. अंतिम निर्णय घेण्यापूर्वी घरातल्या वजनकाट्यावर एकेक पेटी तोलून ही बेरीज कागदावर मांडावी. कंटाळवाणे वाटले तरी हे काम टाळू नये.

कारखान्याचे रिकामे वजन बहुधा जादा सोयी न धरता दिलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. वातानुकूलन यंत्र, दाराबाहेर ताणायची कापडी चांदणी, सौर पट्ट्या आणि दुसरी बॅटरी मागितली की वजन वाढते. प्रत्यक्ष विकत घ्यायच्या ट्रेलरच्या आत त्या विशिष्ट ट्रेलरमध्ये किती वजनाचे सामान भरता येईल ते लिहिलेली पिवळी पट्टी असते. तुलनेसाठी तीच खरी मानावी.

तिसरी पायरी: भार कुठे पडतो

गावाकडे बैलगाडी पाहिलेल्याला ही गोष्ट लगेच समजेल. मागच्या बाजूला ओझे अधिक झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा तिच्यावर ताबा राहत नाही. ट्रेलरचेही तसेच आहे. मागे भार अधिक झाला तर महामार्गावर ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि हा हेलकावा वाढत गेला तर गाडीसकट उलटण्याची वेळ येते. म्हणून भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढे, हिचवर, पडला पाहिजे. या भाराला इथे टंग वेट म्हणतात.

नवख्यांची फसगत होते ती इथे. ३,५०० पाउंड ओढणाऱ्या अनेक गाड्यांची टंग वेटची मर्यादा ३५० पाउंड असते. काही ट्रेलरांचे एकूण वजन मर्यादेत बसते, पण पुढे गॅसच्या टाक्या आणि बॅटऱ्या असल्यामुळे त्यांचे टंग वेट ४०० पाउंडांच्या घरात जाते. वर ज्याचे उदाहरण दिले तो बांबी याच प्रकारात मोडतो. एकूण वजन पाहून निर्धास्त झालेल्या मिनीव्हॅनवाल्याला हे नंतर कळते. म्हणून तुलनेच्या तक्त्यात टंग वेटसाठी वेगळा रकाना असावाच. भार चारही चाकांवर वाटून देणारे खास हिच मिळते, पण काही गाड्यांच्या पुस्तिकेत ते वापरण्यास स्पष्ट मनाई असते.

ब्रेकचा विषय थोडक्यात आटोपतो: १,५०० पाउंडांहून जड ट्रेलरला स्वतःचे विद्युत ब्रेक असावेत आणि गाडीत ते चालवणारा नियंत्रक बसवलेला असावा. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. अनेक राज्ये ३,००० पाउंडांपासून सक्ती करतात, तर कॅलिफोर्निया राहण्याच्या ट्रेलरला १,५०० पाउंडांपासूनच. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादा ताशी ५५ मैल आहे, हेही तिकडे जाणाऱ्यांनी विसरू नये.

चौथी पायरी: बांधणी

ट्रेलरचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. छपराच्या एखाद्या सांध्यातून झिरपणारे थेंब भिंतीच्या आत वर्षानुवर्षे साठतात आणि मालकाला ते दिसतात तेव्हा लाकूड कुजलेले असते. म्हणून बांधणीची तुलना करताना एकच प्रश्न विचारावा: याला सांधे किती आहेत?

सर्वांत कमी सांधे असतात ते साच्यात ओतलेल्या फायबरग्लासच्या ट्रेलरांना. वरचा आणि खालचा असे दोन अर्ध तयार करून ते कमरेपाशी जोडले जातात, आणि आकारामुळे लोक त्यांना प्रेमाने अंडे म्हणतात. या प्रकाराची सुरुवात १९६८ साली कॅनडातील विनिपेग येथे बोलर या ट्रेलरने झाली. आज मिनेसोटातील बॅकस येथे स्कॅम्प, टेक्सासमधील राइस येथे कसीटा आणि ब्रिटिश कोलंबियातील चिलिवॅक येथे एस्केप तयार होतात, आणि टेनेसीतील होहेनवॉल्ड येथे दुहेरी कवचाचा, बराच जड आणि महाग असा ऑलिव्हर. अंड्यातल्या जागेत कोपरे कमी असल्याने कपाटे लहान होतात, पण चांगली निगा राखलेला असा ट्रेलर दशकानुदशके टिकतो आणि विकताना किंमतही चांगली देतो. माझा स्वतःचा कल याच प्रकाराकडे आहे, आणि पुढे काय लिहितो ते वाचताना वाचकाने तो लक्षात घ्यावा.

दुसरा प्रकार रिव्हेटने जोडलेल्या ॲल्युमिनियमचा, म्हणजे ओहायोतील जॅक्सन सेंटर येथील एअरस्ट्रीमचा. रिव्हेट आणि सांधे पुष्कळ असल्याने तो कधीमधी गळतो, पण दुरुस्त होतो, आणि जुने एअरस्ट्रीम आजही रस्त्यावर दिसतात. किंमत मात्र त्याच लांबीच्या इतर ट्रेलरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते.

तिसरा आणि सर्वाधिक खपणारा प्रकार चौकोनी पेटीचा. त्यांपैकी बहुतेक इंडियानातील एल्कहार्ट आणि त्याच्या परिसरात तयार होतात. काहींत लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा असतो, तर काहींत ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर थरांनी चिकटवलेल्या भिंती. एवढ्या किमतीत एवढी जागा दुसरीकडे मिळत नाही, हे निर्विवाद. पण छपराचे आणि खिडक्यांचे सांधे बुजवणारे सीलंट दर तीन महिन्यांनी तपासण्याची शिस्त अंगी नसेल, तर चिकटवलेल्या भिंतीत पाणी शिरते आणि तिचे थर फुगून सुटू लागतात. ती दुरुस्ती खर्चिक आणि बहुधा असमाधानकारक असते.

पाचवी पायरी: कोणाला कोणता ट्रेलर

गाडी लहान असेल आणि प्रवासी एकटा किंवा साध्या गरजांचे जोडपे असेल, तर १३ फुटांचा स्कॅम्प आधी पाहावा. त्याचे रिकामे वजन साधारण १,२०० ते १,५०० पाउंड असते. कॅलिफोर्नियातील हॅपियर कॅम्परचा एचसी-१ याहूनही हलका, सुमारे १,१०० पाउंडांचा. त्यातील बैठकी आणि कपाटे ठोकळ्यांसारखी हवी तशी हलवता येतात, पण त्यात आपली सोय आपणच रचावी लागते. ओहायोतील शुगरक्रीक येथील न्यूकॅम्पचा टॅब ३२० अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा असून सुमारे २,००० पाउंडांचा आहे. त्याच्या आतली उंची ५ फूट ९ इंच आहे, त्यामुळे उंच माणसाने प्रत्यक्ष आत उभे राहून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

३,५०० पाउंड ओढणारी मिनीव्हॅन किंवा गाडी असेल, तर १७ फुटांचा कसीटा हा दोघांसाठी मला सर्वांत समतोल वाटतो. त्याचेही कमाल वजन ३,५०० पाउंड आहे आणि नेमका इथेच सावधपणा हवा, कारण पूर्ण भरलेला कसीटा वर सांगितलेल्या ८० टक्क्यांच्या रेषेत बसत नाही. पाण्याची टाकी रिकामी ठेवून, मुक्कामाच्या ठिकाणी भरून घेतली की पुष्कळ फरक पडतो. एअरस्ट्रीमचा बेसकँप १६ याच वजनगटातला, मागून मोठे दार उघडणारा, सायकली घेऊन फिरणाऱ्यांना आवडेल असा आहे.

५,००० पाउंड किंवा अधिक ओढणारी गाडी असेल तरच टॅब ४००, ऑलिव्हर एलिट १, विनेबागोचा ७ फूट रुंदीचा मायक्रो मिनी अशा ट्रेलरांकडे वळावे. ऑलिव्हर एलिट २ चे कमाल वजन ७,००० पाउंड आहे. छोटा दिसला तरी तो ट्रकनेच ओढायचा ट्रेलर आहे.

घराच्या गॅरेजमध्येच ट्रेलर ठेवावा लागणार असेल, तर पर्याय एकदम कमी होतात. बहुतेक गॅरेजांचे दार ७ फूट उंचीचे असते आणि त्यातून स्कॅम्पही जात नाही. तिथे घडी होणारे त्रिकोणी छपराचे अलायनर किंवा केवळ झोपण्यापुरते बसके ट्रेलर उरतात. वसाहतीच्या नियमांत अंगणात ट्रेलर उभा करण्यास परवानगी आहे का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे. भाड्याने जागा घ्यावी लागली तर तो खर्च दर महिन्याचा असतो.

सहावी पायरी: आत राहून पाहणे

दालनात ट्रेलर पाहायला गेल्यावर दहा मिनिटांत बाहेर येऊ नये. दोघांनी बूट काढून खाटेवर आडवे व्हावे, कुशी बदलून पाहाव्यात आणि भिंतीकडे झोपणाऱ्याने रात्री उठून बाहेर जाण्याचा प्रयत्न करावा. अनेक छोट्या ट्रेलरांत खाट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवी असते आणि आतल्या माणसाला दुसऱ्याला ओलांडूनच उतरावे लागते. पन्नाशीनंतर रात्री एकदा-दोनदा उठावे लागते, त्यामुळे ही गैरसोय रोजची होते. दोन स्वतंत्र खाटांची मांडणी, जशी कसीटाच्या लिबर्टी आराखड्यात करता येते, अनेक जोडप्यांना म्हणूनच अधिक सुखाची वाटते. दुसरा प्रश्न असा की खाट कायम तयार राहते की रोज जेवणाचे टेबल पाडून करावी लागते. पावसाच्या दिवशी एक जण झोपलेला आणि दुसरा वाचत बसलेला, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून उत्तर शोधावे.

न्हाणीघराबाबत लोकांचा गोंधळ होतो. छोट्या ट्रेलरांत बहुधा एकाच प्लास्टिकच्या खोलीत शौचकूप आणि फवारा असतो, आणि आंघोळ झाली की सारे ओले होते. भारतातील जुन्या एकत्रित न्हाणी-संडासाची सवय असलेल्यांना त्यात फारसे वावगे वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. मैल्यासाठी कायमची टाकी आहे की हाताने काढून नेता येणारी पेटी, हे विचारून घ्यावे. पेटी साधारण पाच गॅलनांची असते, दोघांना ती दोन-तीन दिवसांत रिकामी करावी लागते, पण जिथे परवानगी असेल अशा शौचालयातही ती ओतता येते. कायमच्या टाकीसाठी ठरावीक ठिकाणीच जावे लागते.

आणि आता स्वयंपाक, ज्याबद्दल अमेरिकी माहितीपत्रकांत आपल्या उपयोगाचे काहीच नसते. पहिल्यांदा भाड्याने घेतलेल्या ट्रेलरमध्ये आम्ही रात्री वरणाला फोडणी दिली, खिडक्या थंडीमुळे बंद होत्या, आणि मोहरी तडतडताच धुराचा इशारा देणारा भोंगा सुरू झाला. हिंग-लसणाचा वास गाद्यांत पुढचे तीन दिवस राहिला. एवढ्याशा जागेत तेलाचा धूर आणि वाफ जायला मार्ग लागतो. छपरातील पंखा दोन्ही दिशांना फिरणारा आणि वेग बदलता येणारा असावा, ओट्याच्या वर खिडकी असावी, आणि शक्य असल्यास बाहेर जोडता येणारी शेगडी असावी. मागचे दार उचलले की ओटा उघडतो अशा थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरांचा आपल्याला हा मोठा फायदा आहे, कारण फोडणी उघड्यावर होते. तोटा पावसात आणि अस्वलांच्या प्रदेशात जाणवतो. तिथे भांडे क्षणभरही बाहेर ठेवता येत नाही. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथे तर अस्वलांमुळे तंबू आणि कापडी भिंतींचे ट्रेलर चालतच नाहीत.

वाफेचा त्रास केवळ वासापुरता नाही. एक गॅलन प्रोपेन जळला की पाऊण गॅलनाहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. शेगडीवरची ही वाफ आणि दोघांच्या श्वासातला ओलावा थंड भिंतींवर थिजतो आणि गादीच्या खाली बुरशी धरते. थंडीतही एक खिडकी आणि छपराचे झाकण बोटभर उघडे ठेवावे. प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे इशारायंत्र कधीही बंद करू नये. त्यांच्यावर शेवटची तारीख छापलेली असते, ती जुना ट्रेलर घेताना पाहावी.

सातवी पायरी: वीज आणि मुक्कामाची जागा

वीजजोडणी असलेल्या जागीच राहायचे असेल, तर हा भाग फार छळत नाही. ३० अँपियरची जोडणी १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देते. वातानुकूलन आणि मायक्रोवेव्ह जेमतेम एकत्र चालतात. पण राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक मुक्कामस्थळांवर वीजजोडणी नसते, आणि पश्चिमेकडील सरकारी मोकळ्या जमिनीवर, जिथे साधारण १४ दिवस विनामूल्य राहता येते, तिथे तर काहीच नसते. शिसे-आम्लाच्या १०० अँपियर-तासांच्या बॅटरीतून तिचे आयुष्य जपत निम्मेच, म्हणजे ५० वापरता येतात. लिथियमच्या तेवढ्याच बॅटरीतून ८० किंवा अधिक मिळतात आणि तिचे वजनही निम्म्याहून कमी असते. १०० वॉटची सौर पट्टी चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ३० अँपियर-तास परत भरते. दिवे, पंखा, फोन आणि रात्री हीटरचा पंखा एवढ्यात भागते. इंडक्शनच्या शेगडीचा मोह मात्र टाळावा: १,८०० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १५० अँपियर खेचते. त्यासाठी गॅसच बरा.

ट्रेलर छोटा असण्याचा खरा लाभ जागा मिळवताना होतो. उद्यानांतील कित्येक मुक्कामस्थळे अनेक दशकांपूर्वी आखली गेली आणि तिथे लांब ट्रेलर मावत नाहीत. सरकारी आरक्षण संकेतस्थळावर प्रत्येक जागेपुढे चालणारी लांबी दिलेली असते, आणि अनेक ठिकाणी आरक्षण सहा महिने आधी खुले होते. लांबी मोजताना पुढचा दांडा धरूनच मोजावी. १७ फुटांच्या नावाने विकलेल्या ट्रेलरची लांबी दांड्यासह की दांड्याविना, हे विचारून घ्यावे. तरीही सर्वत्र प्रवेश मिळतो असे नाही. ग्लेशियर उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनांना बंदी आहे आणि गाडी व ट्रेलर मिळून लांबी मोजली जाते, म्हणजे सर्वांत छोटा ट्रेलरही खालीच ठेवून जावे लागते.

वयाची ६२ वर्षे पूर्ण केलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ज्येष्ठांचा आजीवन प्रवेशपास मिळतो, आणि त्यावर अनेक सरकारी मुक्कामस्थळांचे भाडे निम्मे होते. निवृत्तीनंतर हिंडणाऱ्या जोडप्याने तो पहिल्याच सहलीत काढून घ्यावा.

आठवी पायरी: भाडे, जुना ट्रेलर, आणि पहिली सहल

विकत घेण्यापूर्वी त्याच प्रकारचा ट्रेलर निदान तीन रात्री भाड्याने घ्यावा. खासगी मालकांचे ट्रेलर भाड्याने मिळवून देणाऱ्या आउटडोर्सी आणि आरव्हीशेअर या सेवांवर फायबरग्लासची अंडीही सापडतात. त्या तीन रात्रींचे भाडे वाया गेले असे समजू नये. नको असलेला ट्रेलर वर्षभरात विकताना होणारे नुकसान त्याच्या अनेक पट असते.

जुना ट्रेलर पाहायला पावसानंतरच्या दिवशी जावे. दार उघडताच नाकाला कुबट वास आला तर पुढचे काही पाहू नये. कपाटांच्या आतले वरचे कोपरे, खिडक्यांखालची फळी आणि खाटेखालची जमीन बोटाने दाबून पाहावी. ओलावा मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते सोबत न्यावे. टायरवरील खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी त्याचे वय पाहावे. डीओटी या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातला बराच काळ एका जागी उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी वयाने कुजतात. पाच-सहा वर्षांनंतर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा मागावा. उत्तरेकडील राज्यांतील ट्रेलर असेल तर खालून वाकून सांगाड्याचा गंज पाहावा, आणि मालकाने हिवाळ्यात नळांतील पाणी काढून टाकले होते का, हे विचारावे, कारण गोठलेल्या पाण्याने फुटलेला नळ भिंतीआड असतो.

ट्रेलर घरी आणल्यावर रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर जाऊन मागे घेण्याचा सराव करावा, आणि तो दोघांनीही करावा. चालवणाऱ्याने हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरला, तर हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रेलरची मागची बाजू वळते. बाहेर उभ्या राहिलेल्या जोडीदाराने हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात, आणि आरशात आपण दिसेनासे झालो तर चालकाने थांबायचे, हा एक नियम दोघांनी पाळावा. जोडताना सुरक्षासाखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून अडकवाव्यात. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार असते, ती साखळ्यांना न बांधता गाडीला वेगळी अडकवावी. मुक्कामी पोहोचल्यावर चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याखेरीज हिच सोडू नये.

पहिली सहल घरापासून तासाभराच्या अंतरावर, दोन रात्रींची ठेवावी: एक रात्र वीजजोडणीसह, दुसरी जोडणीविना. निघाल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून चाकांच्या नटांची घट्टाई पान्याने तपासावी. परतताना, सामान जसे भरलेले असेल तसेच, एखाद्या ट्रक-थांब्यावरील मोठ्या वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर न्यावेत. पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके यांची वजने तिथल्या पावतीवर वेगवेगळी मिळतात. शेजारी ट्रेलर सोडून केवळ गाडी पुन्हा तोलली की दोन पावत्यांमधील फरकावरून टंग वेटही काढता येते. या दोन्ही पावत्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतच, ओढण्याच्या क्षमतेच्या पानाशी, खोचून ठेवाव्यात.